तुमच्याकडचे अंगठे

३ फेब्रुवारी

नमस्कार.

आपण कधी भेटलेलो नाही. मी तुमच्या लेकीच्या आईचा नवरा. तुमचा पत्ता जुन्या बंदराच्या ऑफिसातून मिळवला. तिथल्या क्लार्कने सांगितलं, माणूस अजून क्रेनवरच आहे, फक्त बंदर बदललंय.

आधीच सांगून टाकतो, कुणी आजारी नाही आणि कोर्टकचेरीचंही काही नाही. निवांतपणे वाचा.

थोरली आता आठ वर्षांची झाली. आम्ही तिला थोरलीच म्हणतो, तिच्या पाठीवर एक धाकटा आहे. अभ्यासात बरी आहे, पोहण्यात आईवर गेली आहे. तिचे दोन्ही अंगठे टोकाशी आखूड आणि रुंद आहेत. नखं उभी कमी, आडवी जास्त. हे तुम्हाला वर्णन करून सांगायची गरज नसावी. मी हिला, म्हणजे तिच्या आईला, विचारलं तेव्हा ही टॉवेलांच्या घड्या घालत होती. "त्याचेच आहेत. दोन्ही," एवढं म्हणाली आणि पुढचा टॉवेल घेतला.

ती दीड वर्षांची असल्यापासून मी ते अंगठे बघतोय. मला ते कधी वेगळे वाटले नाहीत, तिचे वाटले. पण यंदा वर्ग बदलला आणि मातीकामाच्या तासाला कुणीतरी म्हणालं, हिच्या पायाचा अंगठा चुकून हाताला लागलाय. झालं. तेव्हापासून तिचं नाव पायबोटी पडलं. थोरलीने बाह्या खाली ओढून फिरायला सुरुवात केली. उत्तर येत असलं तरी वर्गात हात वर करेना. पेन्सिल धरताना अंगठा मुठीत लपवायला लागली, त्यामुळे अक्षराची पार वाट लागली. त्यातच शेजारच्या मावशींनी निदान केलं, "लहानपणी सारखी चोखायची ना, म्हणून चपटा झाला." मावशींच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पोरीने ते मनावर घेतलं. म्हणजे हे सगळं तिचंच करणं, असं तिने ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी ती आंघोळीला गेली ती बाहेर येईना. दार ठोठावलं, पाण्याचा आवाज नाही. शेवटी तिने आतून कडी काढली. दोन्ही अंगठ्यांना मुळापासून रबरबँड गुंडाळलेले, वेढ्यावर वेढे. टोकं जांभळी पडली होती. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, बारीक स्क्रू आणि नाजूक काड्यांची हाताला सवय आहे, तरी एकेक वेढा कापायला मला बराच वेळ लागला. ती रडली नाही. नीट समजावून सांगावं तसं म्हणाली, "बाबा, अजून थोडा वेळ ठेवलं असतं तर लांब झाले असते."

रंग परत आला. काही झालं नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तर मला हवंय ते असं. तुमच्या हातांचा एक फोटो पाठवाल का? असे अंगठे असलेला मोठा माणूस, अवजड यंत्रं चालवणारा, हे तिने बघावं. फक्त हात पुरेत. चेहरा नसला तरी चालेल. खरं सांगायचं तर नसलेलाच बरा, कारण तिला तुमच्याबद्दल काही माहीत नाही. मोठी झाली की सांगू, असं आमचं ठरलं होतं. किती मोठी, ते ठरलं नव्हतं. तो हात कुणाचा, हे तिने विचारलं तर काय सांगायचं, ते मी बघेन.

हे पत्र मी हिला न सांगता लिहितोय.

थोरलीच्या घरचा


२१ फेब्रुवारी

नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही चार वेळा विचार केला असता. पण इथे गोष्टी पुढे सरकल्या आहेत, आणि त्या तुमच्या कानावर घालायला हव्यात असं आता आम्हा दोघांना वाटतं. दोघांना म्हटलं, कारण पहिल्या पत्राचं मी हिला सांगितलं. ही जेवत होती. घास तसाच ठेवून म्हणाली, "ते पत्र मी लिहायला हवं होतं." रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

दोन्ही मुलांना घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. बाई वयस्कर आहेत, मुलांशी बोलताना आवाज बारीक वगैरे करत नाहीत. थोरलीला त्यांनी टेबलाशी बसवलं आणि स्वतःचा अंगठा तिच्या अंगठ्याशेजारी ठेवला.

"दुखतो?"

"नाही."

"बटण लावता येतं? दोरीची गाठ सोडवता येते?"

"येते."

"मग याला औषध नाही. आजारच नाही तर औषध कशाला देऊ?"

मग त्यांनी कागदावर हाड काढून दाखवलं. हाडाच्या टोकाशी एक वाढायची जागा असते. बहुतेकांची ती बरीच वर्षं उघडी राहते. काहींची लवकर मिटते, मग ते टोकाचं हाड आखूड आणि रुंद राहतं. एवढंच.

थोरलीने खाली मान घालून विचारलं, "मी चोखायचे म्हणून मिटली?"

"चोखल्याने अंगठ्याला सुरकुत्या पडतात, त्याही जेवायच्या आत जातात. तू जन्मलीस तेव्हाच हे ठरलेलं होतं. तुझ्या केसांचा भोवरा कुठे आहे? हा बघ, डाव्या बाजूला. तो तू केलास का? कानाची पाळी तू निवडलीस का? हे सगळं घरातून येतं. तसा अंगठा आला."

"परत देता येतो?"

"परत नाही देता येत," बाई म्हणाल्या. "पुढे देता येतो."

धाकटा सहा वर्षांचा आहे. त्याला या सगळ्यात आपल्यावर अन्याय होतोय असं वाटत होतं. "मग मला का नाही आला?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "प्रत्येकाला वेगळं काहीतरी येतं. तुझे कान बघ, अगदी तुझ्या बाबांचे." आणि सहज, बोलण्याच्या ओघात, आमच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हिच्यासारखे अंगठे कुणाकडे आहेत? आईकडे की बाबांकडे?"

हिने छताकडे बघितलं, मी भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याकडे. बाई समजल्या असाव्यात, त्यांनी विषय बदलला. पण थोरलीच्या लक्षात यायचं ते आलं होतं.

घरी आल्यावर तिने तपासणी सुरू केली. आधी माझे अंगठे, मग आईचे. मग आजोबांना, म्हणजे हिच्या वडिलांना, झोपेतून उठवून त्यांचे. मामाचे व्हिडिओ कॉलवर. शेजारच्या मावशींचेही बघितले, त्यांचा आमच्याशी रक्ताचा काडीइतकाही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दुकानात आली आणि स्टुलावर बसून गिऱ्हाइकांचे अंगठे बघत राहिली. मी एका गृहस्थांच्या चष्म्याची काडी गरम करून कानामागे बसवत होतो. ते गेले तसं तिने विचारलं,

"डॉक्टरबाई म्हणाल्या घरातून येतो. आपल्या घरात कुणाचाच असा नाही. मग मी कुणाच्या घरातली आहे?"

मी म्हटलं, "रात्री बोलू." आणि पुढच्या गिऱ्हाइकाची काडी मी दुसऱ्याच माणसाच्या चष्म्याला लावली. ते दोघंही नंतर तक्रार घेऊन आले.

त्या रात्री आम्ही बोललो नाही. हिंमत झाली नाही. येत्या सोमवारी पोहण्याच्या तलावाला सुट्टी आहे. ही तिथे पोहायला शिकवते, किल्ली हिच्याकडेच असते. तिथे नेऊन सांगते, म्हणाली. "पाण्यात ती घाबरत नाही," म्हणाली.

फोटो अजून पाठवायचा असेल तर पाठवा.


२ मार्च

नमस्कार.

तिला सांगितलं.

मी बाकावर बसलो होतो, धाकट्याला आजोबांकडे ठेवलं होतं. सगळा तलाव रिकामा. बोललेलं भिंतीवर आपटून परत येत होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. थोरली काठ धरून लोंबकळत होती, शेजारी ही. हिने तुमच्याबद्दल एकही वाईट शब्द काढला नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लिहितो. म्हणाली, "तू पोटात होतीस तेव्हा माझा नवरा दुसरा होता. तो लांब बंदरावर कामाला गेला. आधी महिन्याला यायचा, मग कधीमधी, मग आलाच नाही. आम्ही दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. तू तेव्हा रांगत होतीस. तुझे अंगठे त्याच्याकडून आलेत."

मग थोरलीने विचारलं, "त्याला माहितीये का, माझे असे आहेत ते?"

"तू जन्मलीस तेव्हा सगळ्यात आधी त्याने तेच बघितलं होतं. हसला होता."

हे मला माहीत नव्हतं. हिने आजवर सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

थोरली पाण्याबाहेर आली, टॉवेल गुंडाळून माझ्यापासून थोडी लांब बसली. मी म्हटलं, "थंडी वाजतेय का?" ती म्हणाली, "नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू मला काय दिलंस?"

चप्पल, दप्तर, सायकल असलं काही ती विचारत नव्हती, इतपत मला कळत होतं. मी म्हटलं, "विचार करून सांगतो." ती म्हणाली, "बरं."

या आठवड्यात ती मला काहीच म्हणत नाही. म्हणजे बोलते. डबा भरलाय का विचारते, सही घेते. पण बाबा म्हणत नाही. "ऐक ना" अशी सुरुवात करते. घरात कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी लहान गोष्ट आहे. माझ्या येते. धाकटा दिवसातून पन्नासदा बाबा बाबा करतो आणि प्रत्येक वेळी ती आपली वाटी, आपलं पुस्तक, आपली वेणी बघत बसते.

मागे मी चेहऱ्याशिवायचा फोटो मागितला होता. आता चेहऱ्यासकट पाठवा. निम्मा माणूस कळण्यापेक्षा पूर्ण कळलेला बरा. तिला आणि मलाही.


१९ मार्च

नमस्कार.

तुमचं पाकीट मिळालं. थोरलीच्या हातात तसंच दिलं, आधी उघडून बघितलं नाही. हे लिहायला सोपं आहे, करायला नव्हतं.

फोटो तिने बराच वेळ बघितला. पण खरी गंमत त्या दोन कागदांची झाली. तुम्ही हात कागदावर ठेवून पेन्सिलीने कड काढलीत, आणि तुमच्या आईंचाही हात काढून पाठवलात, ही कल्पना तुमची की त्यांची? थोरलीने आधी तुमच्या हातावर हात ठेवला. तो फारच मोठा निघाला. मग आजींच्या हातावर ठेवला. बोटं कमी पडली, पण अंगठ्याचं टोक बरोबर बसलं. तिने परत काढून परत ठेवला. मग धाकट्याला बोलावलं आणि त्याचा ठेवायला लावला. त्याचा बसला नाही. तो भोकाड पसरून रडला. ती चक्क त्याची समजूत घालायला लागली. "अरे, तुझे कान आहेत ना," म्हणाली. "माझे बघ, कुणाचेच नाहीत."

तुम्ही लिहिलंय की शाळेत तुम्ही सगळी वर्षं हात खिशात घालून काढलीत, आणि आईंनी एकदा खिसेच शिवून टाकले. ते ऐकून थोरली पोट धरून हसली. रबरबँडच्या रविवारनंतर ती तशी हसली नव्हती.

बाकी जे लिहिलंत, तुम्ही का आला नाहीत ते, ते मी हिला वाचायला दिलं. उत्तर द्यायचं की नाही ते ती ठरवेल. मी मध्ये पडणार नाही.

भेटायला येऊ का, असं तुम्ही विचारलंय. दोन दिवस मी ते पत्र दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. विसरलो नव्हतो. मग थोरलीनेच विचारलं, "ते येणार आहेत का? आजी पण येतील?" तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भीती माझी होती, ती मी ड्रॉवरमध्ये ठेवली होती.

या. आईंना घेऊन या. शाळेला सुट्टी लागली की या.

खाली थोरलीला जागा ठेवतो. तिला काही विचारायचंय.

*तुम्हाला हातमोजे बसतात का? मला अंगठ्यापाशी ढिले होतात. क्रेनमध्ये बसल्यावर खालची माणसं केवढी दिसतात? आजींना लिहिता येतं का नीट? माझं अक्षर आता सुधारलंय, हे मी अंगठा बाहेर काढून लिहिलंय. तुम्हाला काय म्हणायचं ते मी अजून ठरवलं नाही. राग मानू नका.*


१० मे

नमस्कार.

सुखरूप पोचल्याचा तुमचा फोन हिने घेतला, त्यामुळे माझं बोलणं राहिलं. म्हणून हे.

तुम्ही गेल्यावरही घरात अजून तुमचीच चर्चा चालू आहे. जास्त करून आईंची. त्या दिवशी स्वयंपाकघरात त्यांनी आल्या आल्या पिशवीतून ढीगभर मटार काढले आणि थोरलीला म्हणाल्या, "बस इथे. हे अंगठे कशासाठी आहेत ते दाखवते." शेंगेच्या शिवणीवर अंगठा टेकवायचा आणि दाबायचा, की शेंग आपोआप उघडते. हिची आणि धाकट्याची नखं घसरत होती. त्या दोघींच्या वाट्या भरत होत्या. धाकट्याने शर्यत लावली, हरला, पुन्हा लावली, पुन्हा हरला. मग आईंनी सांगितलं की त्यांच्या वडिलांचेही असेच होते आणि ते घड्याळं दुरुस्त करायचे. थोरलीने विचारलं, "त्यांना कुणी चिडवायचं?" आई म्हणाल्या, "चिडवायचे की. आणि घड्याळ बंद पडलं की त्यांच्याकडेच यायचे."

तुम्ही आणि मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. मी तुमचे डोळे तपासले. तुम्ही वर्तमानपत्र हात लांब करून वाचत होतात, ते मला बघवेना. तुम्हाला जवळचा नंबर लागलाय. चष्मा तयार आहे, सोबत पाठवतोय. तुमचा उजवा कान डाव्यापेक्षा थोडा वर आहे, त्याप्रमाणे काड्या वाकवल्या आहेत. थोरलीने हे बघितलं आणि आरशासमोर जाऊन आली. तिचाही उजवा वर आहे. "म्हणजे कान पण त्यांचेच," म्हणाली. पण या वेळी तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. जेवणात मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं सांगितलं.

नावाचा प्रश्न तिने सोडवलाय. तुम्ही बंदरबाबा. धाकट्याने लगेच त्याचं माकडबाबा केलं आणि हिचा धपाटा खाल्ला. तुम्हाला नाव पसंत नसेल तर कळवा, पण आता ते बदलेल असं वाटत नाही.

शाळा सुरू व्हायला अवकाश आहे. पण उन्हाळी पोहण्याच्या वर्गाला तीच मुलं येतात, चिडवणारीही. काल एकाने काठावरून "पायबोटी" अशी हाक मारली. ही शिट्टी वाजवणारच होती, पण थोरलीच पोहत त्याच्याजवळ गेली. दोन्ही हात पाण्याबाहेर काढले आणि म्हणाली, "नीट बघ. हे माझ्या आजीच्या बाबांपासून आलेत. तुझ्याकडे कुणाच्या आजीच्या बाबांचं काही आहे का?" पोरगा विचारात पडला. तासभर पाण्यात स्वतःचे कान, नाक, गुडघे चाचपत होता म्हणे. चिडवणं बंद झालंय असं नाही. पण बाह्या वर आहेत, आणि तेवढं मला पुरे.

तिने मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. तुम्ही येण्याआधी एकदा सुरुवात केली होती. ती म्हणाली, "राहू दे बाबा, मी तेव्हा रागात होते." त्या वाक्यातला तो एक शब्द ऐकून मी बाकीचं वाक्य विसरलो. पण तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. तुम्ही येणार म्हटल्यावर मला वाटलं होतं, तुमच्यासमोर ती तो शब्द गिळेल. मी तशी मनाची तयारी केली होती. चार दिवस तुमच्यासमोर ती मला "ऐक ना"च म्हणत होती. माझ्यावरच्या रागाने नाही, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. एवढ्याशा पोरीने किती जणांना सांभाळायचं, असं माझ्या मनात येत होतं.

आता स्टेशनवरचं सांगतो. तुम्हाला ते आठवत असेलच, पण मी बघितलं हे तुम्हाला माहीत नसेल.

गाडी लागली होती. आईंना वर चढवलं होतं. थोरली डब्याच्या दारात उभी होती, आईंची ती जड पिशवी दोन्ही हातांत धरून, तोल जात होता तिचा. तिने मागे न बघता हाक मारली, "बाबा, धर ना पटकन."

तुम्ही तिच्या अगदी शेजारी होतात. मी चार पावलांवर. हात पुढे केला असतात तर पिशवी तुमच्याच हातात आली असती, आणि तिने ती दिलीही असती. तुम्ही हात पुढे केला नाहीत. एक पाऊल मागे सरलात, मला वाट करून दिलीत, आणि डब्यावरचा नंबर वाचायला लागलात. तिकिटावर तो नंबर तुमचा त्याआधी दोनदा बघून झाला होता.

मी पिशवी घेतली. तिने माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे, आणि तिच्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं मला दिसलं. मग तिने तुमचा अंगठा धरून तुम्हाला डब्यात ओढलं आणि स्वतः खाली उतरली.

गाडी सुटत होती, आणि तेव्हा बोललो असतो तर दोघांनाही अवघड झालं असतं. म्हणून आता लिहितोय.

पुढच्या वेळी लॉजवर उतरू नका. धाकटा आपला पलंग द्यायला तयार आहे. आमच्याकडे या.

तुमचा,
थोरलीचा बाबा